राजवाड्याच्या दारातला पाद्री : ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ

वाचकहो, दक्षिणेच्या प्रवासाला निघालेला मराठी माणूस तंजावूरला उतरला की प्रथम बृहदीश्वराच्या देवळाकडे जातो. चोळ राजा राजराजाने सुमारे इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलेले ते प्रचंड शिखर पाहून त्याची मान आपोआप वर होते. देवळाच्या आवारात फिरता फिरता एका भिंतीवर त्याची नजर खिळते आणि तो थबकतो. इतक्या दूरच्या मुलुखात, कावेरीच्या खोऱ्यात, दगडावर कोरलेली अक्षरे मराठी असतात! भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा तो लांबलचक शिलालेख इ.स. १८०३ चा आहे. तेथून राजवाड्यात गेले की मराठी दरबाराचा चौक, सर्जा माडी, संगीत महाल आणि ज्या ग्रंथालयासाठी जगभरचे विद्वान येतात ते सरस्वती महाल पाहावयास मिळते. हे ग्रंथालय वाढविणाऱ्या सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळाही राजवाड्यात उभा आहे.

आपणांपैकी पुष्कळजण हे सर्व पाहून परत फिरतात. पण राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या, शिवगंगा तलावाकाठच्या एका जुन्या चर्चकडे फारच थोड्यांची पावले वळतात. इ.स. १७७९ मध्ये बांधलेल्या त्या चर्चच्या भिंतीवर एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध पाद्री पहुडला आहे, आणि त्याचा हात आपल्या हाती घेऊन एक मराठा राजपुत्र शेजारी उभा आहे. हे शिल्प कोणा मिशन संस्थेने नव्हे, तर स्वतः सरफोजीराजांनी इंग्लंडचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. हिंदू राजाने एका ख्रिस्ती पाळकासाठी असे स्मारक का उभारावे? त्या पाळकाची जीवनकथा आज आपणांस सांगावयाची आहे.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म इ.स. १७२६ मध्ये प्रशियातील झोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. ते गाव आज पोलंड देशात आहे. श्वार्ट्झ अगदी लहान असतानाच त्यांची आई वारली. मृत्यूपूर्वी तिने पतीला आणि आपल्या पाळकाला जवळ बोलावून सांगितले की, हे मूल मी देवाला वाहिले आहे. पुढे त्याच्या मनात सेवेची इच्छा उपजली तर ती मोडू नका. मुलाला हे पुष्कळ वर्षांनी कळले. पुढे हाल्ले येथील विद्यापीठात शिकत असता त्यांच्या हाती एक अनपेक्षित काम आले. तमिळ पवित्र शास्त्राच्या छपाईसाठी मदतनीस हवे होते, म्हणून या तरुणाला तमिळ शिकविण्यात आली. छपाईचा तो बेत तडीस गेला नाही. पण भाषा शिकलेला तरुण मागे उरला, आणि त्या भाषेनेच त्याला हाक दिली. वडिलांनी प्रथम मन घट्ट करून विचार केला आणि मग आशीर्वाद देऊन त्याला निरोप दिला. कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन श्वार्ट्झ इ.स. १७५० मध्ये तरंगंबाडी येथे उतरले. डेन्मार्कच्या ताब्यातील याच बंदरात इ.स. १७०६ मध्ये झिगेनबाल्ग यांनी पाऊल ठेवले होते.

श्वार्ट्झ यांचे वय तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे ते या देशात राहिले आणि मायदेशी एकदाही परत गेले नाहीत. त्यांनी विवाहही केला नाही. उतरल्यापासून थोड्याच महिन्यांत त्यांनी तमिळमध्ये पहिला उपदेश केला. नंतर ते लोकांच्या श्रद्धांचे आणि कथांचे ग्रंथ मुळातून वाचू लागले, कारण ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांचे मन ओळखल्यावाचून बोलणे त्यांना पटत नव्हते. पोर्तुगीज, फारसी आणि हिंदुस्तानी या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. तंजावूरच्या दरबाराशी संबंध आल्यावर ते मराठीही शिकले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी इ.स. १८१३ मध्ये आले, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी वर्षे आधी कावेरीकाठी एक जर्मन पाळक मराठी माणसाशी मराठीत ख्रिस्ताविषयी बोलत होता, ही गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती जनांनी विसरू नये.

इ.स. १७६२ मध्ये ते तिरुचिरापल्लीला गेले. पुढच्याच वर्षी तेथील दारूगोळ्याच्या कोठाराचा भयंकर स्फोट होऊन अनेक माणसे दगावली व कित्येक मुले पोरकी झाली. श्वार्ट्झ यांनी त्या मुलांसाठी वर्गणी गोळा केली आणि शाळा काढली. इ.स. १७६६ मध्ये तेथे चर्च उभे राहिले. तेथील त्यांची राहणी पाहणाऱ्यांनी लिहून ठेवली आहे. जुन्या देशी घरातली एक खोली, तीत जेमतेम खाट आणि माणूस मावेल एवढी जागा, पितळेचा दिवा, देशी पद्धतीने शिजविलेला भात व भाजी. पुढे लष्करातील सेवेबद्दल त्यांना चांगले वेतन मिळू लागले, तेव्हा त्यातील निम्मे ते मिशनच्या कामाला देत.

तंजावूरचे राज्य या सुमारास मोठ्या संकटात होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले हे राज्य सुपीक होते, आणि सुपीक होते म्हणूनच त्याच्यावर सर्वांचा डोळा होता. कावेरी आणि तिच्या फाट्यांनी भिजलेली ती सपाट भूमी, कालव्यांच्या जाळ्यात पसरलेली भातशेते, ताडमाडांच्या रांगा हे सर्व वैभव आजही प्रवाशाच्या डोळ्यांत भरते. त्या काळी ते अर्काटचा नबाब, म्हैसूरचा हैदर अली आणि इंग्रजांची कंपनी यांच्याही डोळ्यांत भरत होते. इ.स. १७६९ मध्ये तुळजाजीराजांनी श्वार्ट्झ यांना प्रथम भेटीस बोलाविले. संभाषण दुभाष्यामार्फत सुरू झाले. परंतु पाद्री उत्तम तमिळ बोलतात असे दिसताच दुभाष्याची गरज उरली नाही. राजांनी मिठाई मागविली, तेव्हा आम्ही ख्रिस्ती लोक अन्नापूर्वी देवाचे आभार मानतो असे सांगून श्वार्ट्झ यांनी दरबारातच प्रार्थना केली. राजांना हा मनुष्य आवडला आणि ते त्यांना आपला पाद्री म्हणू लागले. दरबारातील मंडळींना मात्र ही जवळीक रुचली नाही. पुढे इ.स. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावूर घेतले व राजांना कैद केले. तीन वर्षांनी त्यांना गादी परत मिळाली, पण तिच्याबरोबर कर्जाचे आणि परावलंबनाचे ओझेही आले. इ.स. १७७८ मध्ये श्वार्ट्झ तंजावूरला कायमचे राहावयास आले.

या काळातील एक घटना मराठी वाचकांना विशेष जवळची वाटेल. तंजावूरच्या मराठी ब्राह्मण कुळातील एक विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने राहत होती. त्याच्याकडूनच तिला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली आणि तिने श्वार्ट्झ यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला. तो अधिकारी तिच्याशी विवाह करीत नव्हता, म्हणून श्वार्ट्झ यांनी बाप्तिस्मा देण्यास नकार दिला. तिने राग धरला नाही. त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, इ.स. १७७८ मध्ये, पालयमकोट्टै येथे तिचा बाप्तिस्मा झाला व क्लोरिंडा हे नाव तिला मिळाले. तिने तेथे स्वतः पुढाकार घेऊन चर्च बांधविले, ते इ.स. १७८५ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. तिरुनेलवेली प्रांतात पुढे जी मोठी मंडळी वाढली, तिच्या आरंभीच्या यादीत पहिले नाव या मराठी बाईचे आहे.

इ.स. १७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर रंबोल्ड यांनी श्वार्ट्झ यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला पाठविले. कंपनीच्या इतर वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. हा पाद्री आपणांस फसविणार नाही, एवढी मात्र त्याची खात्री होती. घाट चढून, पावसाने मोडलेले पूल ओलांडून श्वार्ट्झ तेथे पोचले. हैदरच्या छावणीतील युरोपीय सैनिकांसाठी त्यांनी उघडपणे उपासना चालविल्या व कोणी त्यांना आडकाठी केली नाही. निघताना हैदरने वाटखर्चासाठी रुपयांची थैली दिली. ती श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारपुढे ठेवली, आणि सरकारने ती त्यांनाच ठेवण्यास सांगितल्यावर तिच्यातून तंजावूरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा पाया घातला. शांती मात्र आली नाही. दुसऱ्याच वर्षी, इ.स. १७८० मध्ये, हैदरची फौज कर्नाटकात उतरली. परंतु त्या धामधुमीतही या पाद्रीला कोणी त्रास देऊ नये असा हुकूम हैदरने आपल्या सरदारांना दिला होता.

मग दुष्काळ आला. तंजावूरच्या किल्ल्यात शिबंदी उपाशी मरू लागली, रस्त्यांवर प्रेते पडू लागली. बाहेरच्या खेड्यांत धान्य होते, पण ते आणावयास बैल नव्हते. कारण यापूर्वी सरकारने धान्य घेऊन शेतकऱ्यांना पैसे दिले नव्हते, आणि आता कोणाच्याही शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. राजाचा शब्द चालेना, कंपनीचा चालेना. अखेर श्वार्ट्झ यांनी स्वतः हमी घेतली. दोन दिवसांत हजारावर बैल आले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोचले. (कलम हे त्या भागातील धान्य मोजण्याचे माप.) प्रत्येकाचा पैसा चुकता झाला. पुढे जुलमी वसुलीला कंटाळून हजारो शेतकरी शेजारच्या मुलुखात निघून गेले, तेव्हाही श्वार्ट्झ यांनी न्यायाचे आश्वासन दिल्यावर एका दिवसात सात हजार माणसे परत आली. वाचकहो, गाठीला धन नसलेल्या माणसाची ही पत होती.

आता त्यांच्या जीवनातील सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळू. तुळजाजीराजांचे पुत्र, कन्या व नातू एकामागून एक मृत्यू पावले होते. इ.स. १७८७ मध्ये, स्वतःचा अंत जवळ आला असता, त्यांनी भोसले घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव सरफोजी. राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाला त्यांच्या स्वाधीन करावयाची इच्छा सांगितली. श्वार्ट्झ यांनी नम्रपणे नकार दिला. मुलाभोवती दरबारी कारस्थाने माजतील, एकटा परका पाद्री त्याचे रक्षण करू शकणार नाही, तेव्हा राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनाच पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. राजांनी तो मानला.

हा सल्ला प्रामाणिक होता, पण त्याचे फळ कडू आले. राजांच्या मृत्यूनंतर अमरसिंगांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तक शास्त्राला धरून नाही असा अभिप्राय पंडितांनी दिला, आणि कंपनीने अमरसिंगांना राजा केले. श्वार्ट्झ यांनीही त्या वेळी तो निर्णय स्वीकारला. सरफोजी राजवाड्यातच राहिला, पण कैद्याप्रमाणे. जेथे उजेड व वारा नीट येत नाही अशा जागी त्याला कोंडले गेले व त्याच्या शिक्षणाकडे कोणी पाहिले नाही. आज आपण ज्या राजवाड्यातून ग्रंथ पाहत फिरतो, त्याच राजवाड्यात ग्रंथालय मोठे करणारा हा राजा अक्षरओळखीलाही मुकला असता!

आपल्या सल्ल्याचा परिणाम दिसल्यावर मनुष्य काय करतो? बहुतेकजण परिस्थितीकडे बोट दाखवितात. श्वार्ट्झ यांचे वय तेव्हा साठी उलटलेले होते. ते पुन्हा पुन्हा राजवाड्यात गेले, मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली, मुलाभोवतीचा पहारा बदलविला, त्याच्यासाठी शिक्षक मिळविला. तरीही छळ थांबेना, तेव्हा इ.स. १७९३ मध्ये मुलाला व राजघराण्यातील विधवा राण्यांना ते मद्रासला घेऊन गेले. तेथे त्यांनी व त्यांचे सहकारी गेरिके यांनी त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली. एकीकडे दत्तकाचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. पंडितांकडे पुन्हा विचारणा झाली आणि या वेळी निर्णय सरफोजीच्या बाजूने लागला. चूक दुरुस्त होण्यास जवळजवळ अकरा वर्षे लागली.

ती दुरुस्ती पाहण्यास मात्र श्वार्ट्झ उरले नाहीत. अखेरच्या आजारात सरफोजी त्यांच्या भेटीस आले, तेव्हा त्यांनी तरुण राजपुत्राला चार गोष्टी सांगितल्या: प्रजेशी न्यायाने वागावे, चैनीत पैसा उधळू नये, ख्रिस्ती प्रजेला त्रास होऊ देऊ नये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खऱ्या देवाचा शोध करावा. इ.स. १७९८ च्या फेब्रुवारीच्या १३ तारखेला त्यांनी देह ठेवला. शवपेटी बंद होण्यापूर्वी सरफोजी आले, ओक्साबोक्शी रडले, पार्थिवावर त्यांनी भरजरी वस्त्र पांघरले आणि राजघराण्याची रीत बाजूस ठेवून दफनभूमीपर्यंत चालत गेले. किल्ल्याबाहेर श्वार्ट्झ यांनीच उभारलेल्या प्रार्थनामंदिरात त्यांना पुरण्यात आले. तेथे आज सेंट पीटर्स चर्च आहे. गीत गावयाचे ठरले होते, पण जमलेल्या लोकांच्या आक्रोशात ते नीट गाताही आले नाही. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस सरफोजी गादीवर बसले.

पुढील वर्षीच्या तहाने कंपनीने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजांच्या हाती किल्ला व त्याच्या आसपासचा परिसर एवढेच उरले. पण त्या लहानशा परिसरात सरफोजीराजांनी काय केले ते पाहा. त्यांनी देशोदेशींचे ग्रंथ व हस्तलिखिते जमविली, शाळा चालविल्या, धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणले. देवनागरी छापखाना काढून इसापच्या गोष्टींचे बालबोध मुक्तावली हे मराठी पुस्तक इ.स. १८०६ मध्ये छापविले. जगाचा भूगोल सांगणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक त्यांनी स्वतः रचले. पुढे हजारो माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेलाही गेले. अंधाऱ्या खोलीत कोंडल्या गेलेल्या मुलाला सगळे जग पाहण्याची आणि आपल्या लोकांना दाखविण्याची एवढी ओढ लागावी, यात त्याच्या शिक्षकांचा वाटा कोण नाकारील?

सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ते आपल्या धर्मात राहिले. देवळांना देणग्या देत राहिले. म्हणून कोणी विचारील की, श्वार्ट्झ यांच्या इतक्या वर्षांच्या प्रार्थनेचे काय झाले? श्वार्ट्झ यांना स्वतःला ही तळमळ होती, ती त्यांनी कधी लपविली नाही. पण राजपुत्राच्या असहायतेचा लाभ घेऊन त्याला बाप्तिस्मा देण्याचा विचारही त्यांनी केला नाही. मूल पूर्णपणे त्यांच्या हाती होते, आणि तरीही त्यांनी ते राजघराण्याच्या स्वाधीन, त्याच्या चालीरीतींसह, परत केले. दिलेला शब्द पाळणे हीदेखील साक्षच आहे, असे त्यांचे जीवन सांगते.

त्यांच्या कार्यात उणिवाही होत्या. कंपनी सरकारची कामे अंगावर घेतल्याने मिशनरी आणि राज्यकर्ते यांतील रेषा कधी कधी पुसट झाली. मंडळीत जातीजातीने वेगळे बसण्याची प्रथा त्यांच्या काळात चालूच राहिली, इ.स. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी ती मोडावयास सांगितले, तेव्हा तंजावूरच्या मंडळीत मोठी खळबळ माजली. आपल्या मंडळ्यांतून ते दुखणे सर्वस्वी गेले आहे असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? थोर सेवकांचे चरित्र वाचताना त्यांचे अपुरे राहिलेले कामही आपल्या वाट्यास येते, हे लक्षात ठेवावे.

इ.स. १८२६ च्या ईस्टरला बिशप हेबर तंजावूरला आले, तेव्हा वृद्ध होत चाललेल्या सरफोजीराजांनी त्यांचा मोठा सत्कार केला. श्वार्ट्झ यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, तरी राजांच्या बोलण्यात आपल्या गुरूविषयीचा आदर जसाच्या तसा होता. इ.स. १८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले आणि इ.स. १८५५ मध्ये तंजावूरची मराठी गादीही संपली.

वाचकहो, तंजावूरला जाल तेव्हा देऊळ पाहा, राजवाडा पाहा, सरस्वती महालातील मराठी पोथ्यांपुढे घटकाभर उभे राहा. मग शिवगंगा तलावाकडे जा. चर्च उघडे असेल तर आत जाऊन त्या संगमरवरी शिल्पासमोर शांतपणे बसा. तेथे राजाने पाद्रीचा हात धरला आहे. आपल्या शेजारी राहणाऱ्या, आपल्या धर्माचा नसलेल्या किती माणसांनी आपल्या अखेरच्या वेळी आपला हात असा धरावा, हा प्रश्न प्रभूपुढे ठेवून मगच तेथून उठा.